कोंढ्याच्या बोडीमार्गे गालापागोस

गालापागोसला जायचं नक्की झालं तेव्हा मी सगळ्यात आधी जॅकेट घेतलं. तिकिटं काढलेली नव्हती, व्हिसाचा पत्ता नव्हता, ती बेटं नकाशात कुठे आहेत हे इंदूला, म्हणजे माझ्या बायकोला, नीट सांगूनही झालं नव्हतं. पण मातकट हिरव्या रंगाचं, सतराशे साठ खिशांचं एक जॅकेट घरात येऊन पडलं होतं. टीव्हीवर गवतात लपून प्राण्यांबद्दल हळू आवाजात बोलणारे लोक घालतात, तसं. ते घालून मी आरशासमोर हळू आवाजात बोलूनही पाहिलं.

"कायले कुजबुजून राहिले जी?" इंदूनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"सराव करून राहिलो."

"कायचा? चोरीचा?"

ही बेटं दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला, भर समुद्रात आहेत. तळाशी ज्वालामुखी फुटले, लाव्हा वर आला, थंड झाला, त्याची बेटं झाली. मी स्वतः जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेला माणूस. फुटू नये ते फुटणार नाही, एवढं पाहण्याचा मला जन्मभर पगार मिळाला. रोज सकाळी गेटवर झडती द्यायची, खिशात काडीपेटी नाही हे दाखवायचं आणि आत जायचं. अशा माणसानं म्हातारपणी आपल्या खर्चानं ज्वालामुखीवर जावं, हे माझे मित्र रामटेके यांना पटलं नाही. ते माझ्याच सेक्शनला होते.

"साहेब, त्याच्यासाठी इतक्या दूर कायले जाता?" ते म्हणाले. "आपण रिटायर होईपर्यंत त्याच्यावरच तर बसून होतो."

मी त्यांना समजावलं की प्रश्न ज्वालामुखीचा नाही, तिथल्या प्राण्यांचा आहे. ती बेटं इतकी एकटी की माणूस तिथे फार उशिरा पोचला. त्यामुळे तिथल्या प्राण्यांना माणसाची भीती वाटायला कधी शिकताच आलं नाही. ते पळत नाहीत. पायाशी येऊन बसतात.

"म्हणजे माणूस कसा असते हे त्यांना अजून कळलं नाही," रामटेके म्हणाले. "तुम्ही जा. कळेल."

पवनीचं जंगल

खरं कारण मी रामटेक्यांना नंतर सांगितलं. तुम्हाला आधीच सांगतो, नाहीतर हे सगळं एका म्हाताऱ्याचं खूळ वाटेल. खूळ होतंच, पण त्याला कारण होतं.

इंदूचा डावा डोळा जवळजवळ गेला आहे आणि उजवा त्याच वाटेवर आहे. पडद्याच्या मध्यभागाचा आजार. तिच्या शब्दांत सांगायचं तर "मधात धुकं, कडेनं साफ." ज्याच्याकडे पाहावं तेच नेमकं पुसलं जातं. म्हणून ती कुणाशी बोलताना तोंड जरा बाजूला वळवते, म्हणजे समोरचा तिला दिसतो. समोरच्याला वाटतं, बाईला फार गर्व आहे. आमच्या भाजीवालीनं वर्षभर तिच्याशी अबोला धरला होता. नागपूरचे डॉक्टर डोळ्यात इंजेक्शनं देतात आणि म्हणतात, जेवढं आहे तेवढं टिकवू. किती दिवस, हे विचारलं की ते चष्मा पुसतात.

मागच्या उन्हाळ्यात मुलीनं आम्हाला पवनीच्या जंगलात वाघ पाहायला नेलं. आमचं नशीब असं की वाघ निघाला. जिप्सीतले सगळे उभे राहिले. "तिकडे, तिकडे! सागाच्या बाजूनं! आता गवतात! आता बसला!" मी माझ्या परीनं इंदूच्या खांद्याला धरून तिचं तोंड वाघाच्या दिशेनं वळवत होतो, जसा काही टीव्हीचा अँटेना. ती म्हणाली, "दिसला, दिसला." सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या.

घरी आल्यावर मी विचारलं, "खरंच दिसला?"

"गवत दिसलं," ती म्हणाली. "छान होतं गवत. ते लोक इतके खूश होते, मी कायले मोडता घालू?" मग थोड्या वेळानं, भांडी लावता लावता: "मले एक जनावर पाहाचं होतं जी. आपल्या घरचं नाही, जंगलचं. तोंड पाहाचं होतं त्याचं. एकडाव."

लग्न झाल्यापासून तिनं मला मागितलेल्या गोष्टी मी आठवून पाहिल्या. त्या बहुतेक किराणा दुकानात मिळणाऱ्या होत्या. घरावर दुसरा मजला चढवायला ठेवलेले पैसे होते. मजला तसाही आम्हा दोघांना कशाला हवा होता, पायऱ्या चढायला?

अंगणातले प्रयोग

पुस्तकं वाचणाऱ्या माणसाची एक अडचण असते. तो वाचत राहतो. वाचता वाचता मला कळलं की त्या बेटांवर एक कडक नियम आहे: कुठल्याही प्राण्यापासून दोन मीटर दूर राहायचं. प्राणी भीत नाही म्हणून माणसानं अंगाशी जायचं नाही.

मी टेप घेऊन अंगणात गेलो. शेजाऱ्यांची तांबडी बकरी मागून आणली, जांभळाच्या झाडाला बांधली आणि दोन मीटरवर इंदूसाठी खुर्ची ठेवली.

"काय दिसते?"

"बकरी."

"बकरी कशावरून?"

"तुम्हीच आणली ना आता!"

मी प्रयोगाची शिस्त समजावून सांगितली. बकरीनं दरम्यान टेपचं टोक चघळलं. शेवटी निष्कर्ष असा निघाला: दोन मीटरवरून तिला काहीतरी तांबडं, चार पायांचं, हलणारं दिसतं. तोंड कुठल्या बाजूला आहे हे सांगता येत नाही. जवळ येत येत, दोन वितींवर आलं की मात्र उजव्या डोळ्याच्या कडेनं सगळं दिसतं. मिशा, पापण्या, कानातली गोचीड. "या बकरीच्या कानात गोचीड हाय, सांगजा त्यांना," ती म्हणाली.

म्हणजे सरकारचा नियम दोन मीटरचा आणि इंदूची नजर दोन वितींची. मधलं अंतर आम्ही कापायचं नाही. ते कापायचं तर प्राण्यानंच. हा सगळा खर्च, इतकी विमानं, एका अनोळखी जनावराच्या मर्जीवर. मुलीला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तिकिटं काढू का मग?"

कोंढा

पुस्तकात पुढे लिहिलं होतं की त्या बेटांचं निम्मं वैभव पाण्याखाली आहे, म्हणून तोंडावर काच आणि तोंडात नळी लावून पोहता आलं पाहिजे. मला पोहता येत नाही. तलावांच्या जिल्ह्यात जन्मून पोहता न येणारे लोक थोडे असतील, पण आम्ही आहोत.

इंदूचं माहेर पवनीकडे कोंढ्याला. तिचा धाकटा भाऊ मनोहर तिथे धान करतो. भाताच्या खाचराला तिकडे बांधी म्हणतात. त्याच्या बांधीशेजारी बोडी आहे, म्हणजे शेताला पाणी देणारं छोटं तळं. दिवाळीनंतर धान कापणीला आलं होतं. मी जॅकेट घालून बांधीतून चालत गेलो, बोडीच्या काठावरच्या पाळीवर ते काढलं, मुलीनं पाठवलेली काच आणि नळी लावली आणि पाण्यात उतरलो. कमरेइतकं पाणी. पलीकडे बायका कपडे धूत होत्या. त्यांचे हात थांबले.

"अवो, हे कोन होय?"

"इंदूचे मालक होत ना."

"काय हरपलं त्यांचं?"

मी पाण्यात तोंड घातलं. नळीतून श्वास घ्यायचा असतो हे मला ठाऊक होतं, पण माझ्या छातीला ठाऊक नव्हतं. काचेवर वाफ धरली. पुढे हिरवा गाळ, त्याच्यामागे आणखी हिरवा गाळ. तेवढ्यात माझ्या पाठीला काहीतरी मोठं, ओलं आणि उष्ण लागलं. मी किंचाळलो, नळीतून. तो आवाज, मनोहर अजून सांगतो, गावात कुणी आधी ऐकला नव्हता. मागे त्याची म्हैस होती. तीही घाबरली, पण तिनं ते दाखवलं नाही.

"भाऊजी, उभे राहा ना!" मनोहर पाळीवरून ओरडला. "कमरभर पाण्यात बुडून राहिले तुम्ही!"

मी उभा राहिलो. डोक्यावर शेवाळ होतं. पाळीवर इंदू पोट धरून हसत होती. तिला ते किती दिसलं असेल देव जाणे, पण ऐकू तर आलंच होतं.

"काय दिसलं पाण्यात?" तिनं विचारलं.

"काहीच नाही. सारं धुकं. पुढे काहीतरी आहे एवढं समजते, पण काय ते नाही समजत."

"हां," ती म्हणाली. ती अजून हसतच होती. "मले रोज तसंच दिसते."

मी काच धुतली. पुन्हा पाण्यात उतरलो नाही.

संध्याकाळी मनोहरच्या ओसरीवर मी बेटांच्या कायद्यावर व्याख्यान दिलं. तिथे बाहेरचं बी जाऊ देत नाहीत. एखादं परकं झाड रुजलं तर तिथली सगळी सृष्टी बिघडते. म्हणून धान्य नाही, फळ नाही, माती नाही, बुटाच्या तळाला चिखलसुद्धा नाही. "आपल्याकडे गाजरगवत आलं ते असंच कुणाच्या तरी निष्काळजीपणानं," मी म्हणालो. मनोहरच्या बायकोनं, सगळे तिला मंदावहिनी म्हणतात, शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे ताईची ओटी नाही भराची?" तिनं विचारलं.

"नाहीच."

"बरं," ती म्हणाली. वहिनीचं 'बरं' हे संमती नसतं, ती फक्त पोच असते, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

निरोप

निघायच्या आदल्या दिवशी आमच्या चौकात फ्लेक्स लागला. विदेश दौऱ्याबद्दल हार्दिक अभिनंदन. माझा फोटो फॅक्टरीच्या ओळखपत्रावरचा होता, त्यामुळे एखाद्या फरार माणसाचा वाटत होता. बाजूला जिराफ आणि बर्फातलं पांढरं अस्वल. हे दोन्ही प्राणी त्या बेटांवर नसतात हे मी लावणाऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "साहेब, रंग चांगले आले ना पण?" असल्या गोष्टींची मी आयुष्यभर टिंगल करत आलो. तरी त्या दिवशी चौकातून मी एकदा दुधासाठी गेलो, एकदा पेपरासाठी आणि एकदा कशासाठीच नाही.

नागपूरच्या विमानतळावर कोंढ्याहून गाडी भरून लोक आले होते. दारावरच्या जवानाला तिकीट दाखवायच्या आत वहिनीनं इंदूला बाजूला घेतलं, कुंकू लावलं आणि पदरात ओटी घातली. घरचा चिन्नोर तांदूळ, हळकुंडं, सुपाऱ्या, नारळ.

"वहिनी, मी सांगितलं होतं ना!"

"ओटी घरून भरली तर घरी ठेवून आल्या असत्या ताई," वहिनी म्हणाली. "इथून कुठं ठेवतील?"

यात तर्काची चूक काढता येईना. भरलेली ओटी टाकता येत नाही आणि परत देता येत नाही. नारळावर मनोहर आणि मी मिळून कसाबसा विजय मिळवला, तो मागेच राहिला. तांदूळ, हळकुंडं आणि सुपाऱ्या रुमालात गाठ मारून इंदूच्या पिशवीत गेल्या आणि अर्धं जग फिरल्या.

तपासणी

विमानांबद्दल लिहीत नाही. सगळी सारखीच असतात आणि सगळ्यांत गुडघे दुखतात.

बेटांवर जाणारं शेवटचं विमान इक्वेडोर देशाच्या राजधानीतून सुटतं आणि तिथेच सामानाची झडती होते. झडतीचा मला अनुभव. रांगेत मी ताठ उभा होतो. काउंटरवर एक गोल चेहऱ्याची, गंभीर बाई होती. इंदूनं मी काही बोलायच्या आत रुमाल काढला, तिच्यापुढे ठेवला आणि गाठ सोडली.

बाईनं तांदूळ पाहिला, सुपारी उचलून दाताखाली जाईल का असा विचार केला आणि हळकुंड पाहून मान हलवली. हे रुजतं. मी माझ्या फॅक्टरीच्या इंग्रजीत सांगितलं की हे अन्न नाही, हा माहेरचा मान आहे. तिनं ते स्पॅनिशमध्ये दुसऱ्या बाईला सांगितलं. मी काय सांगितलं आणि तिथे काय पोचलं, कोण जाणे, पण दोघी इंदूकडे पाहू लागल्या.

"ह्या केराच्या डब्यात टाकतीन का जी?" इंदूनं मला विचारलं.

"टाकतीलच."

"मग मी तिलेच देतो. ओटी बाईले दिली तर चालते."

तिनं पर्समधून कुंकवाची डबी काढली. काउंटरवरून वाकून, तोंड बाजूला वळवून, उजव्या डोळ्याच्या कडेनं नेम धरून तिनं त्या बाईच्या कपाळाला कुंकू लावलं. जरा डावीकडे लागलं. मग रुमालासकट ओटी दोन्ही हातांनी पुढे केली. बाईनं दोन्ही हातांनी घेतली, मान लववली, ती प्लास्टिकच्या थैलीत घातली, थैलीला सील मारलं आणि त्यावर काहीतरी लिहिलं. दोन्ही कामं तिनं सारख्याच गांभीर्यानं केली.

मी जरा मोठ्यानं म्हणालो, "आमच्याकडे आणखी काही नाही. मी स्वतः नियमांचा अभ्यास केलेला आहे."

बाईनं माझ्या जॅकेटाकडे बोट दाखवलं. काढा.

एकेक खिसा उलटा झाला. पहिल्या चारांत काही नव्हतं. पाचव्यातून धानाची लोंबी निघाली, अख्खी, टपोऱ्या दाण्यांची. कोंढ्याच्या बांधीतून चालताना केव्हातरी शिरलेली. मग मागच्या खिशातून कुसळं. मग आतल्या अस्तराला चिकटलेले गोखरू. सगळ्या खिशांत मिळून एक लहानशी शेतीच निघाली. बाई चिमट्यानं एकेक दाणा उचलून ताटलीत ठेवत होती. मागची रांग वाढत होती. कपाळावर कुंकू असल्यामुळे मला सारखं वाटत होतं की ही आपल्याच घरातली कुणीतरी आहे आणि आपल्याला रागावते आहे.

"गाजरगवत," इंदू मागून हळूच म्हणाली.

जॅकेट त्यांनी ठेवून घेतलं. दुसरी थैली, दुसरं सील.

बेटं

बिनजॅकेटचा मी बेटांवर उतरलो. काळा, उसवलेल्या दोरखंडासारखा लाव्हा. त्यावर उंच निवडुंग, पाण्याकडे पाहत उभे. आमच्या तुकडीत निरनिराळ्या देशांचे निवृत्त लोक होते आणि वाटाड्या होता मातेओ, तिथलाच, उन्हानं रापलेला, कधीच घाईत नसलेला माणूस. त्यानं पहिल्या दिवशी नियम सांगितला: तुम्ही त्यांच्याकडे जायचं नाही. ते तुमच्याकडे आले, तर हलायचं नाही, हात लावायचा नाही.

"ते येतात का?" मी विचारलं.

"त्यांच्या मनात असलं तर."

जेवणाचं सुखच होतं. दोन्ही वेळा भात. माशाचा लिंबू पिळलेला थंड रस्सा आला आणि बाजूला वाटीत मक्याच्या लाह्या. मला वाटलं, वेटर चुकला. पण सगळे त्या रश्श्यात लाह्या घालून खात होते. इंदूनं खाल्ल्या आणि म्हणाली, "कोंढ्यात केलं तर लोक हसतीन. पण चांगलं लागते."

एका बेटावरून दुसऱ्यावर जाताना छोटी बोट समुद्रावर आपटत जाते. मी वाचलं होतं की नजर क्षितिजावर ठेवली की मळमळत नाही. मी नजर क्षितिजावर ठेवली आणि बाकी सगळं बादलीत. ज्या बाईला क्षितिज धड दिसतच नव्हतं ती शेजारी बसून बिस्किटं खात होती.

प्राणी होते. पुस्तकात लिहिलं तसेच, न भिणारे. काळे समुद्री सरडे एकमेकांच्या अंगावर पाय टाकून ऊन खात पडलेले, मधूनच नाकातून मिठाचं पाणी शिंकणारे. निळ्या पायांचे पक्षी एक पाय उचल, दुसरा पाय उचल असं करून मादीला पाय दाखवणारे. राक्षसी कासवं. सगळे पुस्तकातल्यासारखेच आणि सगळे, पुस्तकातल्यासारखेच, दोन मीटरवर. आम्ही थांबायचो, ते तिथेच राहायचे. भीत नव्हते, पण त्यांना आमच्यात काही रसही नव्हता. या शक्यतेचा मी विचारच केला नव्हता.

म्हणून मी वर्णन करू लागलो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. "आता त्यानं डावा पाय उचलला. रंग आकाशी, पण जरा हिरवट झाक. चोच निळसर करडी. याचं कारण असं की त्याच्या आहारात..." इंदू मान हलवायची. तुकडीतला मोठ्या लेन्सचा एक म्हातारा माझ्यापासून लांब उभा राहू लागला.

कासवांच्या कुरणात एक प्रचंड कासव गवत खात होतं. सगळ्यांनी कॅमेरे काढले. मी इंदूला विचारलं.

"दिसला, दिसला," ती म्हणाली.

मी हे शब्द आधी ऐकले होते. त्याच आवाजात. मी कासवाकडे पाहिलं. पाठ असलेला एक दगड, आणि त्या दगडाचं तोंड गवतात. पुढे दोनच दिवस उरले होते. रात्री खोलीत ती म्हणाली, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. हवा चांगली हाय इथली." तेव्हा मला दुसऱ्या मजल्याच्या पैशांची आठवण झाली नाही, याचं मलाच नवल वाटलं.

मासळीचा ओटा

शेवटच्या दिवशी दुपारी मातेओनं सगळ्यांना मोकळं सोडलं. लोक टोप्या आणि फ्रिजवर लावायची चुंबकं घ्यायला गेले. मी एका संग्रहालयाचं नाव शोधून ठेवलं होतं.

"मच्छीचा वास येऊन राहिला," इंदू म्हणाली.

"संग्रहालय त्या बाजूला आहे."

"तुम्ही जा. मी मच्छीकडे जातो."

तिच्यामागे मी गेलो. धक्क्याजवळ, रस्त्याच्या कडेलाच, फरशीचा ओटा. दोन बायका मोठाले मासे कापत होत्या. आमच्या भंडाऱ्याच्या मासळीबाजारात ओट्याखाली मांजरं असतात, तशी इथे पेलिकन पक्ष्यांची ओळ, आणि ओट्यावर हनुवटी टेकवून एक समुद्रसिंह, म्हणजे सी-लायन. नाव मोठं भारदस्त, पण उभा असा होता जसं खानावळीतलं उधारीवरचं गिऱ्हाईक. मासेवाली मधूनच त्याला कोपरानं ढकलत होती. दोन मीटरचा नियम इथल्या जनावरांना कुणी कळवलेला दिसला नाही.

इंदूला बरं वाटलं. आवाज ओळखीचे, वास ओळखीचा, बायकांची भांडणं समजण्यासारखी. ती कठड्याजवळच्या बाकाच्या एका टोकाला बसली. दुसऱ्या टोकाला मी बसलो आणि सुरुवात केली: "हे जे मोठे पक्षी आहेत, त्यांच्या चोचीखाली जी थैली..."

पाण्यातून काहीतरी फुस्स करून वर आलं. धक्क्याच्या पायऱ्यांवरून फतक फतक करत एक समुद्रसिंह चढला. ओट्यावरच्यापेक्षा लहान, अंगावरून पाणी निथळतंय. त्यानं ओट्याकडे पाहिलं, तिथली गर्दी पाहिली. मग आमच्या बाकाकडे आला, वल्ह्यांसारखे पुढचे दोन पाय बाकावर टाकले आणि सगळं धूड उचलून आमच्या दोघांच्या मधे चढून बसला. माझ्या मांडीवर थंड पाणी सांडलं. त्यानं एकदा अंग झाडलं आणि तोंड इंदूकडे केलं.

"कोन बसलं जी?" तिनं विचारलं.

"हलू नको," मी म्हणालो. माझा आवाज आरशासमोर केलेल्या सरावापेक्षाही हळू झाला. "हात नको लावू. समुद्रसिंह आहे. मादी असावी, कारण कपाळ चपटं..."

"गप्प बसा जी."

"कान जे आहेत ना..."

"गप्प बसा ना. मले दिसते."

मी गप्प बसलो.

तिनं मान जरा डावीकडे वळवली होती. तिचा उजवा डोळा आणि त्याचं तोंड यांत दोन विती असतील, कदाचित कमी. ती हलत नव्हती. मासे कापायचा आवाज चालू होता.

"मिशा हायेत," ती म्हणाली. "दोन्हीकडून. पाण्याचे थेंब हायेत एकेक मिशीवर." त्यानं फुस्स केलं. "नाक बंद करते. आपण डोळा मिटतो तसं. मग उघडते. श्वास घेतला की उघडते." मग ती डोळ्यापाशी आली. "डोळा काळा हाय. पाणी हाय डोळ्यात. रडल्यावानी. पण रडून नाही राहिलं. मले पाहून राहिलं. जी, मलेच पाहून राहिलं ते."

मला काय दिसत होतं? पाठ. ओली, तपकिरी, वासाची, माझ्या नाकापासून हातभर अंतरावर. जगातले नामांकित प्राणी ज्या बेटांवर आहेत तिथे, चांगली नजर असलेला, पुस्तकं वाचलेला मी एका ढुंगणाकडे पाहत बसलो होतो. उठून पलीकडून पाहावं तर तो घाबरला असता. म्हणून मी विचारलं, "आणखी?"

ती सांगत राहिली. कान किती इवलासा आहे. ओठाच्या कडेला एक जुनी खरचटल्याची खूण आहे. जांभई दिली तेव्हा दात पिवळे दिसले, "तुमच्यासारखे." मी प्रत्येक वेळी विचारलं, "आणखी?" शेवटी मासेवालीनं एक डोकं फेकलं आणि तो आमच्या मधून घसरून खाली गेला, मागे वळूनही न पाहता.

इंदू बसूनच राहिली. मी रुमाल काढून आधी माझी मांडी पुसली, मग तो तिला दिला.

आता घरी येऊन बरेच दिवस झाले. चौकातला फ्लेक्स अजून आहे, जिराफाचा रंग उडाला. लोक येतात आणि मला विचारतात, काय काय पाहिलं. मी लाव्हाबद्दल सांगतो, सरड्यांबद्दल सांगतो, ते चहा पितात. पण समुद्रसिंहाचं तोंड कसं असतं हे ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी आत जाऊन इंदूला विचारावं. ती तुमच्याकडे न पाहता सांगेल, त्याचा राग मानू नका. मला फक्त त्याची पाठ माहीत आहे.